शिकाऊपणाचं भाडं कोण भरणार?

झाशीहून कानपूरच्या दिशेने निघालं की पारीछाच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात, मग हिंदी कवी मैथिलीशरण गुप्तांचं चिरगाव लागतं आणि पुढे मोंठ. मोंठला महामार्ग सोडून आतल्या रस्त्याला लागलं की समथर येतं. एका अंगाला बेतवा, दुसऱ्या अंगाला पहूज, मधल्या पट्ट्यात हरभरा, मसूर, वाटाणा, गहू. गावात जुन्या संस्थानाचा मोठा किल्ला. इथल्या गुर्जर घराण्यातल्या रणजितसिंहाला ‘राजा’ हा किताब मराठ्यांनी दिला. १८१७ साली या घराण्याचा इंग्रजांशी तह झाला. स्वातंत्र्यानंतर संस्थान विलीन झालं आणि आज समथर हे झाशी जिल्ह्यातलं एक लहानसं नगर आहे. इतिहासप्रेमी किल्ल्यासाठी येतात. या लेखाचं काम मात्र किल्ल्याशी नाही, मोंठवरून जाणाऱ्या रस्त्याशी आहे.

पोरबंदरहून आसामातल्या सिल्चरपर्यंत जाणारा २७ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग तो हाच. श्रीनगर ते कन्याकुमारी हा ४४ क्रमांकाचा महामार्ग त्याला झाशीत भेटतो. नागपूरची संत्री ट्रकने दिल्लीला जातात ती याच झाशीवरून. त्याशिवाय कबरईची गिट्टी, नदीतली मौरंग वाळू, पारीछाची राख, सिमेंट, धान्य अशी वाहतूक इथे दिवसरात्र चालू असते. बुंदेलखंडातली शेती पावसाच्या भरवशावरची. दोन वर्षं पाऊस रुसला की घरातलं एक माणूस बाहेर पडतं. कुणी दिल्लीला बांधकामावर जातं, कुणी सुरतेला, आणि ज्याला स्टिअरिंगचा नाद आहे तो गाडीवर.

अलीकडे या गाडीवरच्या पोरांच्या बोलण्यात सौदी, दुबई ही जुनी नावं येतातच, पण आता पोलंड, जर्मनी, कॅनडाही येतात. मोबाइलवर एखादा पगडीवाला तरुण बर्फातून भलामोठा ट्रेलर हाकताना दिसतो आणि मोंठच्या ढाब्यावर खाटेवर पडलेल्याला वाटतं, हे तर आपणही करतो. गाडीपुरतं बोलायचं तर त्याचं वाटणं चुकीचंही नाही. मग नेमकी अडचण कुठे येते? समथरहून कोणी एक पोरगा निघाला असं धरून त्याच्या कागदांचा प्रवास मी इथे मांडतो आहे. हा पोरगा कुणी खरा एक माणूस नाही. पण त्याला जे कागद लागतील, जे कायदे आडवे येतील आणि जो खर्च पडेल, ते सगळं खरं आहे. समथरच्या जागी नांदेड, शिरूर किंवा बुलढाणा घातलं तरी त्यात फारसा फरक पडणार नाही.

आपल्याकडे ड्रायव्हर कसा तयार होतो ते आधी पाहू. पोरगा पंधरा-सोळाव्या वर्षी किन्नर, म्हणजे क्लीनर, म्हणून गाडीवर चढतो. गाडी धुणं, काचा पुसणं, ताडपत्री ओढून रस्से आवळणं, मागे घेताना खाली उतरून ‘आन दो, आन दो’ करत फाळक्यावर थाप मारणं, थांबा आला की टॉमी घेऊन एकेका टायरवर ठोका देऊन आवाजावरून हवा ओळखणं ही त्याची कामं. रात्री रस्ता मोकळा दिसला की उस्ताद कधीतरी म्हणतो, बस इकडे. तेवढ्या वेळात जे हाताला लागेल ते शिकायचं. पगार नावाला, जेवण उस्तादाबरोबर आणि शिव्या भरपूर. दोन-तीन वर्षांत पोरगा घाट उतरायला लागतो, इंजिनाच्या आवाजावरून गिअर ओळखायला लागतो. मग लायसन. हलक्या वाहनाचं लायसन घेऊन एक वर्ष झाल्यावर हेवीचं मिळतं.

या शिक्षणाला शाळा नाही आणि प्रमाणपत्रही नाही. उस्तादाने शिकवलेलं उस्तादाच्या आणि पोराच्या डोक्यातच राहतं. २०१९ साली केंद्र सरकारने व्यावसायिक ड्रायव्हरसाठीची आठवी पासची अट काढून टाकली. हरियाणातल्या मेवातसारख्या भागात गाडी उत्तम चालवणारी पण शाळा न शिकलेली पोरं बेकार राहतात, असं कारण तेव्हा दिलं गेलं. निर्णय माणुसकीचा होता, आणि तो योग्यच होता असं मला वाटतं. पण देशाबाहेर पाऊल टाकलं की शाळेचा तोच प्रश्न पुन्हा दारात उभा राहतो, आणि तिथे तो काढून टाकणारं कुणी नसतं.

पहिला दरवाजा पासपोर्टचा. दहावी पास नसलेल्याला साधारणपणे ‘ईसीआर’ पासपोर्ट मिळतो. म्हणजे आखाती देशांसह ठरावीक १८ देशांत नोकरीला जायचं तर १९८३च्या उत्प्रवास कायद्याखाली सरकारी परवानगी घ्यावी लागते. समथरच्या पोराला हा शिक्का म्हणजे कमीपणा वाटतो आणि एजंटही त्याला तसंच सांगतो. खरं तर सरकारने त्याच्यासाठी ठेवलेलं संरक्षण हेच आहे. परवानगीसाठी करार ‘ई-मायग्रेट’ या सरकारी व्यवस्थेत नोंदवावा लागतो. भरती एजंटामार्फत होत असेल तर तो नोंदणीकृतच हवा. त्या एजंटाने उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी घ्यावा, एवढीच मुभा आहे. सोबत प्रवासी भारतीय विमा येतो, अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाखांचा. हा रस्ता टाळून पर्यटक व्हिसावर गेलेल्या माणसाच्या मागे यातलं काहीच उभं राहत नाही.

दुसरी मेख व्हिसावरच्या कामाच्या नावात आहे. सौदीत ‘हाऊस ड्रायव्हर’ म्हणजे घरगुती नोकर. तिथे मार्च २०२१पासून खासगी क्षेत्रातल्या कामगारांना मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलण्याची काही मोकळीक मिळाली, पण घरगुती नोकर आणि घरचे ड्रायव्हर यांना त्या सुधारणेतून वगळलं होतं. ‘आत्ता हाऊस ड्रायव्हर म्हणून जा, तिथे गेल्यावर ट्रेलर मिळेल’ हे वाक्य गावोगाव ऐकू येतं. ते मानलं की माणूस ज्या कायद्याने थोडा तरी मोकळा झाला असता त्याच कायद्याच्या बाहेर जाऊन बसतो. तिथे गेल्यावर कळतं की दोन्ही कामांमध्ये केवळ गाडीच्या लांबीचा फरक नव्हता.

ट्रकवर जाणाऱ्याची गाडी कुठे जाईल हेही करारात असावं लागतं. जुलै २००४मध्ये कुवेतच्या एका वाहतूक कंपनीचे सात ड्रायव्हर इराकमध्ये ओलीस धरले गेले. त्यांत तिघे भारतीय, तिघे केनियाचे आणि एक इजिप्तचा. कुवेतमध्ये नोकरी म्हणून गेलेली ही माणसं युद्धाच्या रस्त्यावर माल घेऊन निघाली होती. १ सप्टेंबरला ते सुटले. त्या काही आठवड्यांत त्यांच्या गावांनी काय सोसलं ते तेव्हाच्या वर्तमानपत्रांत भरभरून आलं होतं. त्याच वर्षी भारताने आपल्या कामगारांना इराकला जायला बंदी घातली होती.

आता जर्मनी. हा विषय महाराष्ट्राच्या अधिक जवळचा आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी करार केला. पहिल्या टप्प्यात १०,००० कुशल माणसं पाठवायची असं ठरलं. यादीत परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, स्वयंपाकी होते, तसे बस, ट्राम आणि ट्रकचे चालकही होते. युरोपात ड्रायव्हर म्हातारे होत चालले आहेत आणि तरुण या धंद्याकडे फिरकत नाहीत. ‘आयआरयू’ या रस्तेवाहतुकीच्या जागतिक संघटनेने २०२३ साली ३६ देशांची पाहणी करून तीस लाखांहून अधिक जागा रिकाम्या असल्याचं सांगितलं. म्हणजे गरज खोटी नाही. एजंटाच्या बोलण्यातली एवढी गोष्ट खरी असते, आणि म्हणून त्याचं बाकीचंही खरं वाटतं.

गरज असली तरी जर्मनी भारतीय हेवी लायसन कायमचं स्वीकारत नाही. तिथे राहायला गेल्यावर ते सहा महिने चालतं, त्यानंतर जर्मन लायसन हवं. काही देशांच्या लायसनधारकांना परीक्षेत सूट आहे, त्या यादीत भारत नाही. मग लेखी परीक्षा आणि प्रत्यक्ष चाचणी दोन्ही नव्याने. लेखी परीक्षा जर्मनशिवाय इंग्रजी, तुर्की, अरबी, पोलिश, रशियन अशा बारा परदेशी भाषांत देता येते, पण त्यांत हिंदी नाही आणि मराठीही नाही. प्रत्यक्ष चाचणी जर्मनमध्येच.

लायसननंतर ‘पंच्याण्णव’. युरोपात माल वाहून पोट भरणाऱ्याच्या लायसनवर किंवा वेगळ्या पात्रता कार्डावर ९५ हा आकडा छापलेला असावा लागतो. तो मिळवण्याची एक वाट म्हणजे १४० तासांचा अभ्यासक्रम आणि शेवटी परीक्षा. पुढे दर पाच वर्षांनी ३५ तासांची उजळणी. माल कसा बांधायचा, कोणता पट्टा किती ताण सोसतो, डिझेल कसं वाचवायचं, सीमेवर कोणते कागद लागतात, पाठीचा कणा कसा सांभाळायचा हे सगळं त्यात येतं. उस्तादाने शिकवलेलं बरंचसं इथे पुन्हा भेटतं, फक्त त्याला तिथे नाव असतं, आकडा असतो आणि परीक्षा असते.

ट्रेलर जोडणंच घ्या. आपल्याकडे पुढच्या भागाला घोडा म्हणतात. घोडा हळूहळू मागे घ्यायचा, ट्रेलरच्या पोटाखालची जाड पिन घोड्याच्या तबकडीत बसली की खट् असा आवाज येतो. आपला अनुभवी माणूस त्या आवाजावर विसंबतो. तिथला परीक्षक विसंबू देत नाही. कमी गिअरमध्ये गाडी पुढे ओढून पाहायची, मग हातब्रेक लावून खाली उतरायचं, बॅटरी पेटवून वाकून कुलपाचा दांडा बसलाय का पाहायचं. मग लाल आणि पिवळी हवेची नळी, विजेची तार, मग ट्रेलरचे पाय वर, आणि सगळ्यांत शेवटी दिवे नि टायर बघत गाडीभोवती एक पूर्ण फेरी. क्रम चुकवून चालत नाही, मग समोरच्याने वीस वर्षं ट्रेलर चालवलेला का असेना. शिवाय रस्त्याची उजवी बाजू. वर्षानुवर्षं डावीकडे चालवलेल्या माणसाला सरळ रस्त्यावर त्रास होत नाही. चूक होते ती पहाटे पेट्रोल पंपातून बाहेर पडताना, रिकाम्या रस्त्यावर, जेव्हा हात आपोआप जुन्या बाजूला वळतात.

आणि डोक्याशी बसलेला टॅकोग्राफ. ड्रायव्हरचं कार्ड त्यात घातलं की गाडी किती चालली, किती थांबली, सगळं नोंदलं जातं. साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटं थांबायचं. दिवसाला ९ तास, आठवड्यातून दोनदा १० तास, दोन आठवडे मिळून ९० तासांपेक्षा जास्त नाही. आठवड्याची ४५ तासांची मोठी विश्रांती गाडीच्या केबिनमध्ये घेता येत नाही. मागच्या ५६ दिवसांचा हिशेब पोलिसाने रस्त्यात मागितला तर दाखवावा लागतो. आपल्याकडेही १९६१चा मोटार परिवहन कामगार कायदा २०२५पर्यंत दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास सांगत होता. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला लागू होता, आणि आपल्याकडे एक-दोन गाड्यांचा मालकच जास्त. नागपूर-दिल्ली फेरी मारणाऱ्याला झोप मोजणारं यंत्र ठाऊकच नाही. सुरुवातीला त्याला ते पाळत ठेवणारं वाटेल. माझ्या मते त्याच्या बाजूने उभी राहणारी पहिलीच सरकारी वस्तू ती आहे.

या सगळ्याला वेळ लागतो. आधी भाषा शिकायला काही महिने, मग लायसन, मग पंच्याण्णव. ट्रक-ट्रेलरच्या लायसनला जर्मनीत हजारो युरो लागतात. या काळात समथरच्या घरी पैसे कोण पाठवणार, आणि तिथे त्याची खोली, जेवण, शिकवणी कोण भरणार? मला या सगळ्या विषयात महत्त्वाचा वाटतो तो हाच प्रश्न. आपल्याकडे शिकण्याचा काळ पोरगा स्वतःच्या कोवळ्या वयातून भरतो, किन्नर म्हणून फुकट राबून. परदेशात त्याच माणसाला तिशीत, बायकोमुलं मागे असताना, पुन्हा शिकाऊ व्हावं लागतं. त्या शिकाऊपणाचं भाडं कुणीतरी भरतंच.

जर्मन नियमांत याचं एक उत्तर आहे. लायसन नसलेल्या परदेशी ड्रायव्हरला आधीच कामावर घेता येतं, मात्र करारातच त्याला लायसन आणि पात्रता मिळवण्याच्या शिक्षणाला जाण्याचं बंधन हवं. कामाच्या अटीही अशा हव्यात की १५ महिन्यांत दोन्ही पदरात पडतील. पुढे ड्रायव्हर म्हणून पक्की जागाही आधीच ठरलेली हवी. तोवर तो त्याच मालकाकडे गोदामात किंवा माल चढवण्याउतरवण्याचं काम करतो आणि पगार घेतो. म्हणजे शिकाऊपणाचा काळ कायद्याने मान्य केला. त्याचा खर्च मात्र करारावर सोडला. मालक शिकवणीचे पैसे भरतो का, की पुढच्या पगारातून कापून घेतो, आणि मध्येच नोकरी सोडली तर किती परत मागतो, हे वाचल्याशिवाय सही करणं म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा.

हा काळ वगळला तर काय होतं त्याचं उदाहरण कॅनडात आहे. ६ एप्रिल २०१८ला सस्कॅचेवान प्रांतात दोन ट्रेलरांचा एक ट्रक थांब्याची पाटी ओलांडून चौकात घुसला आणि हम्बोल्टच्या हॉकी संघाची बस त्याच्यावर आदळली. १६ जण गेले, १३ जखमी झाले. ड्रायव्हर भारतातून आलेला तरुण, कंपनीत लागून जेमतेम काही आठवडे झालेले, मालकाबरोबर दोन आठवडे शिकला आणि मग एकट्याला गाडी दिली. कोर्टात पुढे आलं की मागच्या ट्रेलरवरची ताडपत्री फडफडत होती आणि त्याचं सगळं लक्ष आरशातल्या त्या ताडपत्रीकडे होतं. चौकाच्या एकामागोमाग एक पाट्या त्याच्या नजरेतून सुटल्या. त्याने खटला लढवला नाही, सगळे २९ गुन्हे कबूल केले. आठ वर्षांची शिक्षा झाली आणि पुढे देशाबाहेर काढण्याचा हुकूम निघाला. कंपनीच्या मालकाला सुरक्षा नियम मोडल्याबद्दल ५,००० डॉलर दंड झाला.

ताडपत्री सैल झाली की लक्ष तिकडे जाणं हे आपल्या कुठल्याही किन्नराला कळेल. पण आपल्याकडे शेजारी किन्नर असतो, तो खिडकीतून डोकं काढून पाहतो, ड्रायव्हर समोर बघतो. तिथे केबिनमध्ये एकच माणूस. त्या पोराचा दोष मला लपवायचा नाही. सोळा घरं उजाड झाली आणि त्याने स्वतः तो दोष कबूल केला. पण दोन आठवड्यांच्या शिकवणीवर एवढी गाडी ज्याने दिली त्याच्या वाट्याला आलेला दंड आणि ड्रायव्हरच्या वाट्याला आलेली शिक्षा शेजारी ठेवली की माझ्या मनाची तडफड होते. त्यावेळी सस्कॅचेवानमध्ये सक्तीचं प्रशिक्षण नव्हतं. ऑन्टारिओत जुलै २०१७पासून १०३.५ तासांचं होतं. अपघातानंतर मार्च २०१९मध्ये सस्कॅचेवानने १२१.५ तासांचं सक्तीचं केलं.

तासांची सक्ती आली तरी पळवाट उरतेच. कॅनडात अनेक कंपन्या नव्या ड्रायव्हरला नोकर न मानता त्याच्या नावे स्वतंत्र कंपनी काढायला लावतात, म्हणजे रजा, विमा, जादा कामाचे पैसे काहीच द्यावं लागत नाही. नवा माणूस हरखतो, मी मालक झालो म्हणून. अपघात झाल्यावर किंवा कराची नोटीस आल्यावर त्याला कळतं की जबाबदारी तेवढी आपल्या नावावर आली.

युरोपातला दुसरा धडा जर्मनीत दिसला, पण त्यातली कंपनी पोलंडची होती. २०२३च्या वसंतात डार्मश्टाटजवळच्या ग्रेफेनहाउझेनच्या थांब्यावर जॉर्जिया आणि उझबेकिस्तानच्या ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या. पगार थकला होता. आठवडे उलटले तरी ते हलले नाहीत, केबिनमध्येच राहिले, आणि अखेर पैसे मिळाले. त्याच उन्हाळ्यात दुसऱ्या गटाने तिथेच पुन्हा संप केला, काहींनी उपोषणही केलं. करार एका देशातला, गाडी दुसऱ्या देशात, माल तिसऱ्याचा, ड्रायव्हर चौथ्या देशातला, अशी ही रचना. समथरच्या पोराला ‘युरोपचा व्हिसा’ एवढंच सांगितलं जातं. करार कोणत्या देशाच्या कायद्याखाली आहे, आणि ‘ड्रायव्हर अटेस्टेशन’ नावाचा कागद त्या कंपनीने त्याच्या नावे काढलाय का, हे त्याने विचारायला हवं. युरोपबाहेरचा माणूस दुसऱ्या युरोपीय देशात माल नेत असेल तर हा कागद लागतो.

अमेरिकेचं दार तर २०२५मध्ये आणखी अरुंद झालं. जूनपासून इंग्रजीत पोलिसांशी बोलता येत नसेल किंवा रस्त्यावरच्या पाट्या वाचता येत नसतील तर ड्रायव्हरला जागच्या जागी थांबवू लागले, आणि २१ ऑगस्टला तिथल्या परराष्ट्रमंत्र्यांनी ट्रकचालकांचे नवे कामगार व्हिसा थांबवले. जगात ड्रायव्हर कमी आहेत म्हणून कुणीही कुठेही जाऊ शकेल, ही समजूत यानंतर तरी सुटायला हवी.

मग समथरच्या पोराने काय करावं? मी त्याला जाऊ नको म्हणणार नाही. मोंठच्या रस्त्यावर रात्रभर मौरंग ओढणाऱ्याला ९ तासांनी थांबवणारं यंत्र आणि जर्मनीत जानेवारी २०२६पासून लागू असलेली तासाला १३.९० युरोची किमान मजुरी, या दोन्ही गोष्टी हव्याशा वाटण्यात गैर काहीच नाही. पण त्याची सुरुवात झाशीतच व्हायला हवी. दहावी राहिली असेल तर बाहेरून परीक्षा देऊन पूर्ण करावी. कामाच्या वर्षांचे पुरावे, म्हणजे मालकाची पत्रं, पगाराच्या नोंदी, लायसनवरच्या तारखा जपाव्यात, कारण उस्तादाकडची वर्षं तिथे कुणी धरत नाही. भाषेचे पहिले सहा महिने घरूनच काढावेत. गाडीवर राहून शब्द पाठ होतात, झोप मात्र चोरावी लागते.

आणि सरकारांनी? महाराष्ट्राने करारात ट्रकचालकाचं नाव घातलं, तेव्हाच त्याच्या शिकाऊपणाच्या खर्चाची जबाबदारीही उचलली असं मी मानतो. जर्मन शिक्षकाची सोय परिचारिकेसाठी होते तशी ड्रायव्हरसाठीही व्हावी, आणि तीही शहरातल्या कॉलेजात संध्याकाळी सहाला नको, कारण त्या वेळी ड्रायव्हर गाडीवर असतो. नागपूर आणि झाशी या दोन्ही शहरांत मोठे ट्रक टर्मिनल उभे राहू शकतात, तर तिथेच एका खोलीत पंच्याण्णवच्या अभ्यासाची तोंडओळख हिंदीत आणि मराठीत का देता येऊ नये? उत्तर प्रदेशने २०२४च्या सुरुवातीला इस्रायलच्या बांधकामांसाठी मजुरांच्या चाचण्या लखनौच्या आयटीआयमध्ये घेतल्या. भिंत बांधून दाखव, प्लॅस्टर करून दाखव, अशी प्रत्यक्ष परीक्षा. त्या माणसांना युद्धाच्या छायेत पाठवावं का, याबद्दल माझ्या मनात शंका आहेत. पण हातातलं कौशल्य समोर उभं राहून तपासायची ती रीत ट्रकचालकाला लावता येईल. घोडा-ट्रेलर जोडून दाखव, हवेच्या नळ्या तपासून दाखव, ताडपत्री बांधून दाखव, मागे घेऊन दाखव. त्याचं प्रमाणपत्र जर्मनीत लायसन म्हणून चालणार नाही, पण माणूस निवडताना मालकाला कळेल की आपण १५ महिने कुणावर खर्च करतो आहोत. मग शिकवणीचा खर्च मालकाने भरावा ही अट करारात लिहून घेणं त्या पोराला, आणि त्याच्या वतीने बोलणाऱ्या सरकारला, पुष्कळ सोपं जाईल.